शेजारणीचा वाडगा

स्मरणिकेसाठी ह्या वेळी 'घरातील एखाद्या जुन्या वस्तूचा इतिहास' कोणीतरी लिहून द्यावा, असे आपल्या चिटणीसबाईंनी बैठकीत सांगितले, तेव्हा चार-पाचजणींनी माझ्याकडेच पाहिले. आमच्या फडताळातला परदेशी मातीचा वाडगा बहुतेकींनी पाहिलेला आहे, त्यामुळे असे झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याचा हिशेब आणि भिशीची वही ह्यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. तरी मी हो म्हटले. त्या वाडग्याचे एक देणे आमच्या घरावर आहे, आणि ते फेडायला दुसरी वाट मला सापडत नाही.

आधी तो वाडगा कसा आहे ते सांगते. तोंड वीतभर रुंद, खोली चार बोटे. आतून तांबूस. बाहेरून मूळचा पांढरा, पण वरच्या तकाकीमुळे मधासारखा पिवळसर दिसतो. त्यावर तांबडे पट्टे आणि काळ्या बारीक रेघांचे त्रिकोण, चौकटी व शंकरपाळ्यासारखे आकार आहेत. काठावर एके ठिकाणी टवका उडालेला आहे. काठावरून बोट फिरवले, तर माती कुठे जाड, कुठे पातळ लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कुंभार नवशिका असावा. मलाही लग्न होऊन आले तेव्हा तसेच वाटले होते.

आमचे मामंजी वायरमन होते. 1984 साली एका कंपनीमार्फत ते अल्जीरिया देशात कामाला गेले. हा देश आफ्रिकेच्या अगदी उत्तर टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. समुद्र ओलांडला की पलीकडे फ्रान्स. तिझी-उझू नावाचे तिथे एक शहर आहे आणि त्याच्या दक्षिणेला जुर्जुरा नावाचा उंच डोंगर. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येते, पण ह्या डोंगरावर थंडीत बर्फ पडते. उतारावर जैतुनाची आणि अंजिराची झाडे. अशा एका डोंगरगावात मामंजींची माणसे विजेच्या तारा ओढायच्या कामावर होती.

तिथे त्यांना ताप भरला. बरोबरची माणसे दिवसभर कामावर जात आणि हे खोलीत एकटे पडून राहत. शेजारच्या घरात एक म्हातारी होती. तिला हे कळले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिचा नातू वाडगा घेऊन येऊ लागला. वाडग्यात गव्हाच्या वाफवलेल्या बारीक कण्या आणि वर आंबट ताक. मामंजी सांगत, "अगदी आपल्या ताककण्या गं! पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आले." असे आठ दिवस चालले. बरोबरच्या एका मिस्त्रीला थोडे फ्रेंच येत होते. त्याच्या मध्यस्थीने एवढेच कळले, की वाडगा म्हातारीच्या आईच्या हातचा आहे. नवव्या दिवशी पहाटे कंपनीची गाडी आली आणि सर्वांना सामानासकट दूरच्या दुसऱ्या कामावर घेऊन गेली. घाईत वाडगा मामंजींच्या ट्रंकेत गेला. पुन्हा त्या गावी जाणे झाले नाही. 1986 साली ते परत आले, ते हा वाडगा घेऊनच.

सासूबाईंनी हकीकत ऐकली आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे : "म्हणजे शेजारणीचे भांडे तुम्ही परत केलेच नाही!" आपल्या सर्वांच्या घरचा नियम आहे. शेजारून आलेले भांडे ठेवून घ्यायचे नाही, आणि परत करायचे ते रिकामे करायचे नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालायची. सासूबाईंनी त्या वाडग्यात कधी काही वाढले नाही. वरच्या खणात तो पालथा ठेवला. दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढायच्या, पुसायच्या आणि म्हणायच्या, "हा पोचता करायचा राहिला." मामंजी 2009 साली वारले. सासूबाईंची पुसण्याची रीत मात्र चालू राहिली.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या घरी ओढगस्त आली. ह्यांचा पगार तीन महिने थकला होता, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि स्वयंपाकघराचे छप्पर गळत होते. अशा जुन्या परदेशी भांड्यांना हजारो रुपये येतात असे ह्यांना कोणी सांगितले. मी वाडगा लुगड्याच्या जुनेरात गुंडाळला आणि आम्ही दोघे एसटीने पुण्याला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी वाडगा हौसेने हातात घेतला. "बर्बर लोकांचा दिसतो, अँटिक आहे, ग्लेज केलेला," म्हणाला. मग भिंग लावून टवक्यापाशी पाहिले, नखाने खरवडले आणि त्याचा चेहरा उतरला. "ग्लेज नाही हो हे. नुसती राळ फासली आहे. हातानेच थापलेला, चाकावरचासुद्धा नाही. पाचशे देईन." हे देऊन टाका म्हणत होते. मला काय झाले कोण जाणे, मी वाडगा उचलला आणि पुन्हा जुनेरात गुंडाळला.

घरी आल्यावर सासूबाई मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "विकायला तो आपला होता का?" त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात मंडळातल्या भगिनींनी भिशीची माझी पाळी आधी दिली आणि फी भरली गेली. ते उपकार मी विसरले नाही. पण दुकानदाराचे दोन शब्द मनात सलत राहिले : 'नुसती राळ' आणि 'हातानेच'. मुलीला म्हटले, तू इंग्रजी वाचतेस, ह्या लोकांची माहिती काढ आणि मला मराठीत सांग. तिने वाचनालयातून आणि मोबाइलवरून जमवून जे सांगितले ते पुढे देत आहे.

प्रथम नावाविषयी. ज्यांची बोली आपल्याला कळत नाही ते 'बडबड' करणारे, अशा अर्थाचा ग्रीक लोकांचा एक शब्द होता. आपल्या संस्कृतातला 'बर्बर' हा शब्दही त्याच जातीचा. त्यावरून ह्या लोकांना बाहेरचे लोक बर्बर म्हणू लागले. म्हणजे हे दुसऱ्यांनी ठेवलेले नाव. ते स्वतःला 'इमाझिघेन' म्हणवतात आणि त्याचा अर्थ 'स्वतंत्र माणसे' असा सांगतात. मोरोक्कोपासून इजिप्तमधल्या सिवा ह्या हिरवळीच्या गावापर्यंत त्यांची वस्ती पसरलेली आहे. अरब लोक सातव्या शतकात तिथे आले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक तिथले. जुर्जुरा डोंगरातल्या लोकांना 'काबिल' म्हणतात. हा अरबी 'कबिला' शब्दावरून आलेला. आपण 'कुटुंबकबिला' म्हणतो ना, तोच हा कबिला! एवढ्या दूरचे नाव आपल्या रोजच्या बोलण्यात निघाले, ह्याची मला मोठी मौज वाटली.

आता भांड्यांविषयी. त्या मुलखात दोन तऱ्हेची मातीची भांडी होतात. फेज, साफी, नाबल ह्यांसारख्या शहरांत पुरुष कारागीर चाकावर भांडी घडवतात, बंद भट्टीत भाजतात आणि त्यांवर काचेची झिलई चढवतात. मोरोक्कोच्या दक्षिणेला तामग्रूत गावी तांब्याच्या योगाने हिरवीगार झिलई करतात, ती प्रसिद्ध आहे. आपल्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर जी चकाकी असते ती ह्याच प्रकारातली, म्हणजे भट्टीच्या मोठ्या आचेत भांड्यावर वितळून बसलेली काच. दुकानदाराने 'ग्लेज' म्हटले ते हे.

दुसरी तऱ्हा डोंगरातल्या खेड्यांची, आणि ती सगळी बायकांच्या हातची. काबिल बायका आपल्या घराला लागणारी भांडी स्वतःच करीत. वसंत ऋतूत माती खणून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची आणि भिजत घालायची. फुटक्या जुन्या भांड्यांची पूड करून त्या मातीत मळायची, म्हणजे नवे भांडे वाळताना व भाजताना तडकत नाही. आजीचे फुटलेले मडके अशा रीतीने नातीच्या मडक्यात जाते! मग तळाची चकती थापून त्यावर मातीच्या वळकट्या एकावर एक चढवीत भांडे उभे करायचे. चाक नाही. म्हणूनच आमच्या वाडग्याचा काठ कुठे जाड, कुठे पातळ आहे. तो नवशिक्या कुंभाराचा दोष नसून बाईच्या बोटांची खूण आहे.

भांडे थोडे सुकले की गुळगुळीत गोट्याने घोटतात आणि पांढऱ्या मातीचा पातळ हात देतात. त्यावर लाल गेरूने पट्टे आणि काळ्या दगडी रंगाने रेघा. कुंचला बकरीच्या केसांचा. तेच त्रिकोण आणि तेच शंकरपाळे ह्या बायका मागावरच्या विणकामात काढतात, घराच्या भिंतींवर रंगवतात आणि पूर्वी अंगावर गोंदूनही घेत. पूर्व अल्जीरियात तिद्दिस येथे इसवी सनाच्या सुमारे अडीचशे वर्षे आधीच्या थडग्यांत रंगवलेली मातीची भांडी सापडली. त्यांवरही अशाच त्रिकोणांची व चौकटींची नक्षी आहे. आईने मुलीला दाखवायचे, मुलीने तिच्या मुलीला. ही विद्या कोणत्या शाळेत शिकवली गेली नाही, आणि तरी बावीसशे वर्षे टिकली.

भाजण्यासाठी भट्टी नसते. अंगणात किंवा माळावर भांडी रचून त्यांवर लाकडे, काटक्या व गोवऱ्या लावून उघड्यावरच पेटवतात. अशा आगीची आच काच वितळण्याइतकी चढत नाही आणि टिकतही नाही. तेव्हा झिलई शक्य नाही. मग दूध, ताक, तेल झिरपू नये म्हणून काय करावे? ह्या बायकांनी उपाय काढला तो असा. भांडे आगीतून काढल्याबरोबर, चटका बसेल इतके तापलेले असतानाच, त्यावर झाडाची राळ फिरवायची. उष्णतेने राळ वितळते, मातीच्या रंध्रांत शिरते आणि थंड झाली की मधासारखी पिवळी तकाकी येते. आपल्या दारी कल्हईवाला बसत असे तेव्हा तापल्या पातेल्यात कथील टाकून तो कापसाने फिरवायचा, ते आठवा. रीत तीच. उशीर झाला तर राळ धरत नाही आणि घाई झाली तर हात भाजतो. चुलीवर ही राळ वितळून जाईल, म्हणून रांधायची भांडी साधी ठेवतात आणि राळेची भांडी वाढायला, साठवायला वापरतात. दुकानदाराची 'नुसती राळ' ती ही! हे ऐकल्यावर तो शब्द माझ्या मनातला निघून गेला.

ह्यात आणखी एक विचार माझ्या मनात आला. आपल्याकडे कुंभाराच्या घरात माती चाळणे, मळणे, भांडी सारवणे, रंगवणे ही कामे बायका करतात, पण चाकाला बाईने हात लावायचा नाही अशी जुनी रीत. लोक भांडे कुंभाराचे म्हणतात, कुंभारणीचे म्हणत नाहीत. त्या डोंगरात चाक नव्हते, म्हणून सबंध भांडे बाईचे राहिले. पण नाव तिचेही राहिले नाही. पॅरिस, लंडन येथील मोठ्या संग्रहालयांत काबिल भांडी मांडलेली आहेत. 1911 व 1912 साली व्हान गेनेप नावाचा विद्वान अल्जीरियात हिंडून ह्याच भांड्यांचा अभ्यास करून गेला. त्याचे नाव पुस्तकांत आहे. पण भांड्यांखालच्या चिठ्ठ्यांवर बहुधा मुलखाचे नाव असते, करणारीचे नसते.

ह्या लोकांनी सोसलेही पुष्कळ. फ्रेंचांनी 1830 साली अल्जियर्स शहर घेतले, पण डोंगर त्यांना आणखी सत्तावीस वर्षे वश झाला नाही. तिथल्या लढ्याची एक पुढारी बाई होती, लल्ला फातमा न'सुमेर. ती पकडली गेली ते साल 1857. तेच साल, जेव्हा आपल्याकडे मेरठ, दिल्ली, झाशी पेटली होती! पुढे 1863 मध्ये ती कैदेतच वारली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास. 1871 साली काबिल लोक पुन्हा उठले. तेव्हा जबर दंड बसवून त्यांच्या जमिनी काढून घेतल्या आणि कित्येकांना दूरच्या बेटावर काळ्या पाण्याला धाडले. शेवटचे स्वातंत्र्ययुद्ध 1954 च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि 5 जुलै 1962 रोजी देश स्वतंत्र झाला. त्या पावणेआठ वर्षांत लष्कराने डोंगरातली गावेच्या गावे उठवली आणि लाखो माणसांना छावण्यांत नेऊन ठेवले. घाईने घर सोडताना मातीचे भांडे कोण सांभाळणार? आमच्या म्हातारीच्या आईचा वाडगा त्या धामधुमीतूनही राहिला. कोणीतरी तो जपला म्हणूनच राहिला. आणि आमच्याकडे येऊन तो पाचशे रुपयांना जाणार होता, ह्याची मला लाज वाटते.

स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या बोलीला मान मिळायला वेळ लागला. अल्जीरियात ती 2002 साली राष्ट्रीय भाषा ठरली आणि 2016 साली राजभाषा झाली. भांड्यांचे मात्र उलट झाले. अॅल्युमिनियम आले, प्लॅस्टिक आले आणि मातीची भांडी मागे पडली. आपल्याकडे बोहारणीला जुन्या साड्या देऊन आपण स्टीलची भांडी घेतली आणि परसातला रांजण गेला, तसेच तिथे झाले. तरी विद्या अगदी बुडाली नाही. शेजारच्या ट्युनिशिया देशात सेजनान गावच्या बायका आजही ओढ्याकाठची माती आणून चाकाशिवाय भांडी व बाहुल्या करतात आणि स्वतः विकतात. त्यांच्या ह्या कौशल्याची 2018 साली युनेस्कोने जगाच्या वारशात नोंद केली. मामंजींनी खाल्लेल्या कण्यांचे नाव कुसकुस. अल्जीरियासह चार देशांच्या कुसकुसचीही तशीच नोंद 2020 साली झाली. रव्याला पाण्याचा हबका देऊन तळहाताने फिरवीत बायका ते बारीक दाणे वळतात. मुलीने त्याचे चित्र दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपले गव्हले!"

सर्व ऐकून झाल्यावर मी सासूबाईंना विचारले, "मामंजींनी त्या म्हातारीचे नाव कधी सांगितले होते का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं. त्यांनी विचारलेच नसेल. आणि मीही त्यांना कधी विचारले नाही." संग्रहालयाच्या चिठ्ठीवर नाव नाही म्हणून मी नाक मुरडले होते. आमच्या फडताळातही तेच झाले होते. चाळीस वर्षे 'पोचता करायचा राहिला' असे म्हणत आलो, पण कोणाला पोचता करायचा ते आम्हांला ठाऊक नव्हते.

म्हणून भगिनींनो, एक विनंती करते. आपल्या प्रत्येकीच्या घरी आजीची गोधडी असेल, आत्याने विणलेला रुमाल असेल, कोणाची पाटा-वरवंट्याची जोडी असेल. ती कोणी केली, कोणाकडून आली, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने नाव घालून ठेवा. विचारायचे राहून गेले की मागाहून पुस्तके चाळून देशाचा इतिहास मिळतो, पण एका बाईचे नाव मिळत नाही.

वर्धापनदिनाच्या दिवशी हा वाडगा मी मंडळाच्या टेबलावर मांडणार आहे. शेजारी मुलीने अक्षर काढलेली चिठ्ठी असेल : 'अल्जीरियातील जुर्जुरा डोंगरातल्या एका काबिल बाईने हाताने घडवला, रंगवला व राळ दिली. तिच्या मुलीने आजारी परक्याला ह्यातून आठ दिवस जेवू घातले.' नावाची जागा मोकळी ठेवली आहे. सासूबाईंचे वय आता ब्याऐंशी. दिसते कमी, पण बोटे चालतात. गेले पंधरा दिवस त्या दुपारी ओसरीवर बसून गव्हले वळत आहेत. वाडगा काठोकाठ भरायला अजून दोन मुठी लागतील म्हणतात.